गाडी दारात उभी होती

मी घर सोडलं तेव्हा वडील ओसरीवर बसून सुपारी कातरत होते आणि मान वर करत नव्हते. आई बैलगाडीपर्यंत आली. माझी बायको कमल दाराच्या आत उभी होती. तिला सातवा महिना लागला होता आणि बाहेर ऊन मरणाचं होतं, म्हणून आईने तिला पुढे येऊ दिलं नव्हतं.

"मोटारी इकायला चाललास," वडील सुपारीकडे बघतच म्हणाले, "अन् जल्मात मोटार बघितलीस एकदा. ती बी तहसीलदाराची. ती बी चिखलात रुतलेली."

मला हसू आलं. पण आई हसली नाही, म्हणून मीही तोंड फिरवलं.

गावाकडच्यांनो, तुम्हाला वाटतं मी हौसेने गेलो. हौस नव्हती. आमच्या तिकडे निजामी गेली, जहागिऱ्या गेल्या, आणि जहागिरीच्या कचेरीत उर्दूत दफ्तर लिहिणारा मी एका दिवसात बिनकामाचा झालो. मराठी अक्षर माझं असं की लोक विचारत, हे कोणी डाव्या हाताने लिहिलंय का? माझा मावसभाऊ पिंपरीला औषधाच्या कारखान्याच्या बांधकामावर होता. त्याने सांगावा धाडला, "इथं निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका सिंधी शेटला उर्दू जाणणारा माणूस पाहिजे. मोटारींचं दुकान आहे. ये." बार्शीपासून छोट्या रेल्वेने कुर्डुवाडी, तिथून पुणं, पुण्याहून चिंचवड. स्टेशनवर उतरलो तेव्हा अंगभर कोळशाची भुकटी.

लालचंदशेठचं दुकान म्हणजे मुंबई रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड. जुन्या मोटारी घ्यायच्या, दत्तू मिस्त्रीकडून दुरुस्त करून घ्यायच्या आणि विकायच्या. शेठ फाळणीत सगळं तिकडे टाकून आलेला. त्याचे जुने उर्दू कागद मी वाचून द्यायचे हे खरं काम, पण दोन दिवसांत ते संपलं. मग तो म्हणाला, "अब सेल्समन बन जा. कपडा साफ, बात साफ. गिऱ्हाईक टायरला लाथ मारेल. मारू दे. त्याला मना नाय करायचं."

दत्तू मिस्त्रीने मला दिघीच्या बाजूच्या मोकळ्या माळावर गाडी शिकवली. क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडायची आणि मिस्त्री कपाळाला हात लावायचा. पण शिकलो. परवाना मिळाला. धुतलेला सदरा, तेल लावलेले केस, आणि तोंडात नवे शब्द : मायलेज, कंडिशन, ट्रायल. रात्री खोलीवर तेच शब्द घोकत मी झोपायचो.

विकली मात्र एकही नाही. भोसरीचे, चिंचवडचे, तळेगावचे लोक यायचे, बॉनेट उघडायला लावायचे, आत वाकून बघायचे, टायरला लाथ मारायचे आणि "बघू" म्हणून जायचे. त्यांना माझी बोलीच कळायची नाही. मी "करतोय"च्या जागी "करायलाव" म्हटलं की ते एकमेकांकडे बघत. गावाहून येऊन दोन महिने असे गेले. एका सकाळी शेठने मला बोलावलं.

शेडमध्ये एकच बरी गाडी होती, काळी, विलायती, चार दारांची. तिला दोन गिऱ्हाइकं होती. एक कारखान्याचा ठेकेदार, तो संध्याकाळी बायकोला घेऊन बघायला येणार होता. दुसरे चाकणच्या पलीकडच्या एका गावचे खंडूअण्णा, कांद्या-बटाट्याचे मोठे व्यापारी.

"सकाळी अण्णाला दाखव," शेठ म्हणाला. "तो नाय म्हणाला तर दुपारी गाडी वापस. ठेकेदार येईल तेव्हा गाडी अशी चमकायला पाहिजे. आज गाडी गेली नाय, तर तू गावाला जा. मी तुला किती दिवस बसवून ठेवू?"

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो नजर चुकवून बोलला.

अण्णांच्या दारात गाडी उभी केली तेव्हा निम्मं गाव जमलं. अण्णा उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, टायरला लाथ मारली, दिव्याच्या काचेवर टिचकी मारली.

"बैलाचं दात बघून वय सांगतो आमी," ते म्हणाले. "हिचं काय बघायचं?"

लोक हसले. मी पाठ केलेलं सगळं बोललो. अण्णा ऐकत होते असं वाटत होतं, पण त्यांचे डोळे सारखे घराच्या दाराकडे जात होते. दोनदा मी वाक्य अर्धवट सोडलं आणि त्यांना ते कळलंही नाही. शेवटी ते म्हणाले, "न्हाई पाव्हणं. आता न्हाई. पुढच्या साली बघू."

मी मान हलवली आणि इंजिन फिरवायचं हँडल हातात घेतलं. आता वडिलांपुढे जाऊन उभं राहायचं.

तेवढ्यात आतून एक आवाज आला. बाईचा. ओरडण्याचाही नव्हता, ओरडून ओरडून संपत आलेला. जमलेली माणसं खाली बघू लागली. शेजारच्या म्हाताऱ्याने मला हळूच सांगितलं, "अण्णांची सून हाय. सखू. काल सांजंपास्नं अडलीया. पोर आडवं आलंय म्हनं."

अण्णांचा मुलगा बटाटा घेऊन मुंबईला गेला होता. घरात पुरुषमाणूस म्हणजे अण्णाच.

मग दार उघडून अण्णांची बायको बाहेर आली. ताराबाई. डोईचा पदर घसरलेला, हात कोपरापर्यंत ओले. इतक्या पुरुषांसमोर ती बाई अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"गाडी दारात हुबी हाय," ती अण्णांना म्हणाली, "अन् तुमी तिचं दात मोजताय व्हय?"

"अगं, पन हलवायचं कसं तिला? रस्ता असला..."

"हितं ठिवली तर सांजंला तिरडी बांधाल. पुण्याला न्यायची." मग ती माझ्याकडे वळली. "न्याल का, भाऊ?"

गाडी माझी नव्हती. मागची सीट शेठने नव्या कापडाने मढवून घेतली होती. इथवर मी कसाबसा आलो होतो. पुण्याच्या गर्दीत मी कधी गाडी घातली नव्हती, तीही अशी बाई मागे घेऊन. आणि संध्याकाळी ठेकेदार. हे सगळं डोक्यात आलं, आणि त्याच्यामागून कमल आली. तिला तर आता दिवस भरत आले होते. तिच्या दारात गाडी नव्हती. सबंध गावात नव्हती.

"बसवा," मी म्हणालो.

सखूला घोंगडीत उचलून आणलं. मागे ती, ताराबाई आणि सुईण. पुढे माझ्या शेजारी अण्णा. सावकाश चालवलं तर उशीर होणार आणि जोरात चालवलं तर धक्का बसणार. प्रत्येक खड्ड्याला मागून श्वास ओढल्याचा आवाज यायचा आणि माझे खांदे आपोआप वर जायचे. अण्णांनी दोन्ही हातांनी पुढची फळी धरली होती.

मोशीच्या पुलाजवळ बाजाराला निघालेल्या कांद्याच्या गाड्यांची रांग लागली होती. पूल अरुंद, बाजूने जायला जागा नाही. मी हॉर्न वाजवला तसे बैल बुजले आणि एक गाडी आडवीच झाली. अण्णा दार उघडून चालत्या गाडीतून उतरले. इतका वेळ मुका असलेला तो माणूस असा ओरडला की मीच दचकलो. "माझी सून मरतीया! बाजूला व्हा रे!" त्यांनी स्वतः जुवाला खांदा लावला. पोती खाली पडली, कांदे घरंगळत नदीत गेले, पण कोणी हूं की चूं केलं नाही. वाट झाली.

भोसरी दिसायला लागली आणि बॉनेटमधून वाफ निघाली. रेडिएटरमधलं पाणी उकळलं होतं. गाडी थांबवावी लागली. दत्तू मिस्त्रीने बजावलं होतं, तापलेलं झाकण उघडशील तर तोंड भाजून घेशील. थांबायचं, निवू द्यायचं. अण्णा शेजारच्या मळ्यातून पाण्याची बादली घेऊन धावत आले आणि मी त्यांना म्हणालो, "आत्ता नाही ओतायचं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ते मला मारतील असं वाटलं. आम्ही दोघे त्या झाकणाकडे बघत उभे राहिलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आतून ताराबाईचा आवाज येत होता, "डोळं मिटू नगंस, सखू. माझ्याकडं बघ. माझ्याकडं बघ गं."

मग सखूच बोलली. तोवर मी तिचा चेहराही नीट पाहिला नव्हता.

"दादा, थांबू नगा ना."

मी अंगातला कोट काढला, गुंडाळून झाकणावर दाबला आणि थोडं थोडं फिरवलं. वाफ फुसकारत निघाली, मनगट भाजलं. पाणी ओतलं. हँडल मारलं. एकदा, परत एकदा. तिसऱ्यांदा इंजिन धरलं.

पुण्यात कसा शिरलो ते मला आजही सांगता येत नाही. टांगे, सायकली आणि अण्णांचं "डावीकडं, डावीकडं", एवढंच आठवतं. दवाखान्याच्या पायरीपर्यंत गाडी नेली. स्ट्रेचर आलं आणि तिला आत नेलं.

आम्ही व्हरांड्यात बसलो. सावल्या लांब झाल्या. ठेकेदार आता शेडमध्ये येऊन उभा असेल हे मला कळत होतं, पण उठवत नव्हतं. दिवेलागणीच्या आधी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "बाई वाचली. मूल गेलेलंच होतं." अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ताराबाईने पदराने माझ्या मनगटावरची काजळी पुसली आणि खाली फोड आलेला पाहून म्हणाली, "तूप लावा."

शेडमध्ये परतलो तेव्हा शेठ रस्त्यावरच उभा होता. ठेकेदार वाट बघून निघून गेला होता. शेठ सिंधीत, हिंदीत, मराठीत ओरडला. "नौकरी खतम! उद्या तोंड दाखवू नको!" ओरडतच त्याने मागचं दार उघडलं. कंदील आत धरला आणि थांबला. नवं कापड रक्ताने माखलं होतं.

"कोण होती?" त्याने विचारलं.

मी सांगितलं.

"जिंदा है?"

"आहे. मूल गेलं."

मग त्याने बादली आणली, बाह्या वर केल्या आणि स्वतः सीट धुवायला लागला. मी फडकं घ्यायला पुढे झालो तर हात झटकला. धुता धुता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तेरी बीवी भी पेट से है ना? सुबह की गाडीने जा. तिला घेऊन ये इकडं. इकडं दवाखाना आहे."

मी गेलो. आईचं म्हणणं पडलं की अशा दिवसांत प्रवास नको. वडिलांनी मात्र बैलगाडीत स्वतः गवत पसरलं, त्यावर गोधडी टाकली आणि बार्शीपर्यंत आमच्याबरोबर आले. स्टेशनवर म्हणाले, "संबाळून चालव." मी आगगाडीने निघालो होतो. पण ते मोटारीबद्दल बोलत होते हे मला कळलं.

कमल चिंचवडच्या एका खोलीत येऊन पडली, ना सासू ना आई. आठवडाही झाला नसेल, शेठकडून कळलं आणि ताराबाई टांगा करून दारात. "बाळंतपन आमच्याकडं," म्हणाली. "मी इचारायला न्हाई आले, न्यायला आले." पण दवाखाना जवळ हवा म्हणून कमल थांबली. आमची लेक दवाखान्यातच झाली, सुखरूप. तिथून ताराबाईने दोघींना चाकणकडे नेलं.

पहिले काही दिवस सखू त्या खोलीत फिरकली नाही. माजघरात जेवायची, मागच्या दाराने ये-जा करायची. कोणी तिला काही म्हणालं नाही. मग एका दुपारी कमलला ताप भरला, ताराबाई मळ्यात गेली होती आणि पोर रडून रडून निळी पडायला आली. कमलने मला नंतर सांगितलं : दार हळूच लोटलं गेलं, सखू आत आली, पोरीला उचललं आणि तिच्या टाळूला नाक लावून भिंतीशी बसली. दोघीही रडत होत्या. मग पोर झोपली आणि सखू तिला तशीच धरून संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

अण्णांनी ती काळी गाडी घेतली नाही. ताराबाईला ती दारात बघवली नसती. पण चाकणच्या बाजारात कोणी मोटारीचं नाव काढलं की अण्णा म्हणत, "चिंचवडला आमचा माणूस हाय." पहिली गाडी मी त्यांच्याच शब्दावर विकली, मग दुसरी. पुढे मीच शेठचा भागीदार झालो. एक सवय मात्र मी लावून घेतली. गिऱ्हाईक टायरला लाथ मारत असायचं, तेव्हा मी त्याच्या घरच्या बायकांना मागच्या सीटवर बसवून, खराब रस्त्याने एक चक्कर मारून आणायचो. मग गाडी कशी वाटली ते त्यांना विचारायचो.

आई-वडील गेले. आपलं घर धाकट्या भावाने नीट राखलंय आणि मी दर साली येतो. तुम्ही सगळे मायेने भेटता, गूळपाणी देता आणि खाली बसायच्या आत विचारता, "कवा जाणार?" तुमचा दोष नाही. पाव्हण्याला हेच विचारतात.

गेल्या महिन्यात चाकणला गेलो होतो. अण्णा, ताराबाई आता नाहीत. सखूचे केस पांढरे झालेत, नातवंडं झालीत. मी शिरलो तेव्हा ती ओट्यावर लसूण सोलत होती. वर बघून म्हणाली, "दादा, आलात व्हय? ते दार लावून घ्या, कुत्रं शिरतंय," आणि परत लसूण सोलू लागली. मी दार लावलं आणि आत जाऊन बसलो.