भोरड्यांच्या मागे आम्ही चौघं

थंडी पडली की दर रविवारी पहाटे आम्ही चौघं धुळ्याहून नरडाण्याकडच्या एका धरणावर जातो, भोरड्यांचे फोटो काढायला. भोरड्या म्हणजे काळ्या डोक्याच्या, गुलाबी अंगाच्या मैना. रात्री धरणातल्या उंच पाणकणसाच्या गवतात झोपतात, उजाडताना सगळ्या एकदम उठतात. चांगला फोटो क्वचितच मिळतो. किस्से मात्र न बोलावता गाडीत येऊन बसतात!

चौघं म्हणजे कापडदुकानवाले पारसभाऊ, वेल्डिंगवाले सलीमभाई, बँकेतून रिटायर झालेले नाना आणि शाळामास्तर मी.

•

पारसभाऊंनी पहिला थवा टिपला आणि लगेच राजस्थानातल्या काकांना पाठवला. आभाळभर पक्षी! पाचच मिनिटांत फोन आला.

"बेटा, धुळ्यात राहतोस, निदान लेन्स तरी पुसत जा!"

•

सलीमभाईंनी स्वतः लोखंडी ट्रायपॉड बनवला. "वादळ आलं तरी हलणार नाही!" म्हणाले. खरंच हलला नाही. चिखलात रुतला तो रुतलाच!

आम्ही तिघं ओढायला लागलो आणि एकदम मागे चिखलात बसलो. तेवढ्यात थवा उठला, थेट आमच्या डोक्यावरून. पंखांचा वारा गालाला लागला. कितीतरी वेळ कोणी उठलंच नाही. शेवटी सलीमभाई हळूच म्हणाले, "या अल्लाह! हे रोज होतं, आणि आपण झोपलेलो असतो?"

•

धरणाला लागून एका अक्कांचं दादर ज्वारीचं शेत. ज्वारी हुरड्यात आली की अक्का गोफण घेऊन माळ्यावर. एकदा मी म्हटलं, "अक्का, जरा थांबा ना, फोटो काढतो."

"तुमनं फोटोवर भागी जास भाऊ, मनी दादर कोन राखी?"

बरोबरच होतं. माझं फोटोवर भागत होतं, त्यांचं नाही.

मग सूर्य वर आला आणि सगळा थवा त्याच्यासमोर वळला. एकदा काळा, एकदा गुलाबी, पुन्हा काळा. अक्कांची गोफण हातातच राहिली.

"माय वं! बठ्ठं आभायच हाली ऱ्हायनं!"

थवा दादरवर उतरला तेव्हा कुठे त्या भानावर आल्या. मग जे दगड सुटले, त्यातला एक माझ्या कानाजवळून गेला!

•

गेल्या वर्षी नानांची बायपास झाली. त्यानंतर ते बोलेनासेच झाले. आम्ही जवळजवळ उचलूनच त्यांना धरणावर नेलं. शाल गुंडाळून ते बांधावर बसले. कॅमेरा बॅगेतून काढलासुद्धा नाही.

थवा उठला आणि वरून ससाणा सुटला. थवा फाटला, पुन्हा जुळला, पुन्हा फाटला. एक भोरडी एकटी पडली. ससाणा तिच्या मागे. ती सरळ खाली आली आणि नानांच्या शालीत घुसली! अगदी छातीवर, टाक्यांपाशी.

नाना हलले नाहीत. ससाण्याने डोक्यावर दोन घिरट्या घेतल्या. मग तो लांब निघून गेला. नानांनी शालीचं टोक हळूच उघडलं. भोरडी थोडा वेळ तिथेच बसली. मग उडाली.

परतताना नाना गाडीत शाल छातीशी धरूनच बसले. दारात सुनेने विचारलं, "काय नाना, मिळालं का काही?"

नानांनी तिचा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला.

"बघ. गरम आहे अजून."