दोन्ही फुप्फुसांना सारखं

माझ्या अवजारांना कोणी हात लावलेला मला खपत नाही. सुताराची अवजारं म्हणजे त्याची बोटंच. त्यामुळे ताईने माझी पाणसळ, म्हणजे उतार दाखवणारी ती बुडबुड्याची पट्टी, न विचारता पिशवीत टाकली तेव्हा मी भडकलोच.

"बेड तिरके आहेत का बघायचंय," ती म्हणाली. "उद्या आणून देते."

ताई एका प्रयोगशाळेत मदतनीस आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या फुप्फुसांतल्या पिटुकल्या पिशव्या श्वास सोडला की चिकटून बसतात. त्या उघड्या राहाव्यात म्हणून नळीतून एक पांढरं औषध सोडतात, सरफॅक्टंट. ते आत कुठे कसं पसरतं हे ताईचे सर शोधत होते. त्यासाठी काचेची फुप्फुसं होती, फाट्याला फाटे फुटत गेलेली. ताई वरून निळा रंग घातलेलं औषध सोडायची आणि प्रत्येक टोकाला लावलेला कापूस काट्यावर तोलायची. दोन महिने तोलत होती. दर वेळी डावीकडे जास्त.

शेवटी कळलं, टेबलाच्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी कोणीतरी काढली होती. कोणी? ताईनेच! कचरा दिसला की तिला राहवत नाही.

सर म्हणाले, "दोन महिन्यांचं सगळं रद्द. टेबल सरळ करा आणि नव्याने सुरू करा."

दुसरं कोणी खाली मान घालून गप्प बसलं असतं. ताईने विचारलं, "सर, पण बाळाचा बेड सरळ असतो का?"

"तो आपला विषय नाही."

झालं! ताईला असं म्हणणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

ती पाणसळ घेऊन इस्पितळातल्या बाळांच्या वॉर्डात गेली. सहांपैकी चार बेड डावीकडे कललेले निघाले. फरशी धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून जमिनीलाच उतार दिला होता. वॉर्डच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, वीस वर्षं हेच करतेय मी. बोटभर उताराने काय होणार?"

ताई घरी येऊन मला म्हणाली, "मला लाकडाच्या पाचरी करून दे."

"आता डॉक्टरांना शिकवणार? तू अशी किती शिकलीस गं?"

"तोलायला शिकलेय."

मी पाचरी केल्या. तिचा हट्ट कुठून येतो ते मला ठाऊक होतं. आम्हा दोघांच्या मधे एक भाऊ होता. दोन महिने आधीच आला आणि दोन तासांत गेला. ताई तेव्हा सहा वर्षांची होती, दारात उभी राहून सगळं बघत होती. आई त्याच्याबद्दल कधीच बोलली नाही.

ताईने सरांच्या मागे लागून काचेची फुप्फुसं मिळवली आणि गाडीत मांडीवर धरून वॉर्डात नेली. रिकाम्या बेडवर ती मांडली आणि औषध सोडलं. डावीकडे गडद निळं, उजवीकडे जेमतेम दोन थेंब. मग चाकांखाली पाचरी सारल्या, बुडबुडा मधोमध आणला आणि पुन्हा सोडलं. दोन्हीकडे निळं. हातच्या काकणाला आरसा कशाला!

डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. "पुन्हा करा."

ताईने तीनदा केलं.

"सिस्टर, या पाचरी इथेच राहू द्या," त्या तिथल्या नर्सला म्हणाल्या. "आणि ती पट्टीही."

पुढच्याच आठवड्यात ओंजळीत मावेल एवढं एक बाळ आलं. डॉक्टरीणबाईंनी आधी बुडबुडा पाहिला, मग औषध दिलं. ताई बाहेर भिंतीला टेकून उभी होती. बऱ्याच वेळाने बाई दारात आल्या. "दोन्हीकडे हवा जातेय," एवढंच बोलल्या.

चार दिवसांनी बाळाची नळी काढली. त्या संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा आई भाजी चिरत होती. मान वर न करता तिने विचारलं, "रडलं का गं ते?"

"रडलं. पार जिन्यापर्यंत ऐकू आलं."

आईने सुरी खाली ठेवली.

"आपलं नव्हतं रडलं," ती म्हणाली.

ताई तिच्याजवळ जाऊन बसली. पाणसळ मी अजून परत मागितलेली नाही.