उष्णता

काल औषधाच्या दुकानात माझ्या पुढे एक बाई उभी होती. दुकानदाराने तिच्यासमोर दोन सारखी पाकिटं ठेवली. "हे तुमचं, हे मिस्टरांचं. दोघांनीही घ्या, नाहीतर आजार परत येईल."

"पण खाज मला, आग मला," ती म्हणाली. "त्यांना तर काहीच नाही."

"त्यांना जाणवत नसेल, पण आजार असतो. म्हणून तर डॉक्टरांनी दोघांना लिहून दिलंय."

तिने एकदा मागे माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "या गोळ्या चहात विरघळतात का हो?"

रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन मी घरी आले, पण तो प्रश्न दुकानात राहिला नाही.

लग्नानंतर मलाही अशीच खाज, अशीच आग होती, आणि दोन उन्हाळे मी धन्याचं पाणी पीत होते. 'उष्णता आहे' म्हणत सासूबाई रोज धने भिजवून द्यायच्या, मायेनेच. शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि आठवड्यात आराम पडला. "मिस्टरांना पाठवा," त्या म्हणाल्या होत्या. मी हो म्हणाले आणि यांना सांगितलंच नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा धने भिजले. एका घरात, एका अंथरुणात दोघं, आणि आजार मात्र एकटीचा. हे मी तेव्हा किती सहज धरून चालले होते.

आज सकाळी यांच्या कपात चहा गाळताना हात थांबला.

"काय गं, कसला विचार करतेस?" यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "उष्णता फार वाढलीय."