डुगडुगता बाक आणि काडेपेटीवाले आबा

चार रिटायर माणसं रोज एकाच बाकावर बसली, की बाक झिजतो आणि किस्से वाढतात. देवपूरच्या आमच्या कॉलनीत कडुनिंबाखाली सागवानी बाक आहे. ऊन-पावसानं त्याची स्क्रूची भोकं सैल व्हायची आणि दुरुस्तीचा मान वर्षानुवर्षं माझा! माझा इलाज एकच, आधीपेक्षा जाड स्क्रू.

मग अमळनेरहून आबा राहायला आले.

*

आबांनी माझा जाड स्क्रू काढला. गुल मोडलेल्या आगकाड्या गोंदात बुडवून भोकात ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या आणि सकाळी बारीकच स्क्रू पिळला. बाक हलेना!

"भोक मोठं व्हयनं म्हनीसन स्क्रू बी मोठा करतस का भो?" आबा मला म्हणाले. शेजारचे नाना खो खो हसले. माझा नुसता जळफळाट झाला.

*

मीही गुपचूप घरच्या आरामखुर्चीत काड्या ठोकल्या. वाळायची वाट कोण बघतो? संध्याकाळी जावई आले, बसले आणि खुर्चीचा निघालेला हात धरून अदबीनं म्हणाले, "मामा, हा कुठे ठेवू?"

आतून ही ओरडली, "अहो, आबांना बोलवा!"

आबाच! जणू कॉलनीत दुसरं कुणी राहतच नाही!

*

आबांचं काम फसावं म्हणून मी रोज पहाटे तो बाक गदागदा हलवायचो. एकदा नानांनी पकडलं. "काय करी राह्यनात भाऊ?"

"व्यायाम! कमरेला चांगला."

दुसऱ्या दिवशी अख्खं मंडळ बाक धरून व्यायामाला हजर! बाक जागचा हलला नाही. नानांची कंबर मात्र सुधारली.

*

आबा लेकीकडे जळगावला गेले, तेव्हा कोपऱ्यावरच्या अक्कांनी हाक मारली. मला! त्यांच्या अंगणातल्या चारही लाकडी खुर्च्या डुगडुगत होत्या. या वेळी मी काड्या नीट ठोकल्या आणि पूर्ण वाळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

"बठ्ठ्या पक्क्या शेतस!" चारही खुर्च्या हलवून बघत अक्का म्हणाल्या. त्या दिवशी मी भात दोनदा मागून घेतला.

आबा परतले. अक्कांनी आम्हा दोघांना चहाला बोलावलं. आबा पहिल्या खुर्चीवर बसले, उठले. दुसरीवर बसले, उठले. तिसरी झाली, चौथी झाली. कपातला चहा निवला.

शेवटी हळूच म्हणाले, "अक्का, मन्हाकरता एक बी डुगडुगती ठेवी नही का?"