रोलरमागचं बिऱ्हाड

मलकापूरहून निघालेला रस्ता मोताळा, राजूर करत घाट चढतो आणि बुलढाण्यावरून हातेडी, केळवद मागं टाकत चिखलीला येतो. पूर्वी देऊळगावराजाच्या पलीकडं निजामाचा मुलूख लागायचा, आणि तिथून पुढचा रस्ता परका वाटायचा. महाराष्ट्र झाला, दोन्हीकडचा मुलूख एकाच राज्यात आला आणि या वाटेला लोक राज्य मार्ग म्हणू लागले. मग रुंदीकरण निघालं. रस्त्याकडेला गिट्टीचे ढीग पडले, डांबराचे पिंप आले आणि ठेकेदाराचा वाफेवरचा जुना रोलर घेऊन बद्रुद्दीन आला.

रोलरच्या मागं लोखंडी चाकांची एक पत्र्याची खोली असायची. त्या खोलीत बद्रुद्दीनची बायको जमीला संसार करायची. काम पुढं सरकलं की खोलीही सरकायची. थोरली खुर्शीद मोताळ्याजवळ जन्मली, धाकटी बानो राजूरच्या अलीकडं. कोणी विचारलं, "बाई, गाव कोणतं तुमचं?" तर जमीला हसून म्हणायची, "रस्त्यावरचे आहोत आम्ही." पण ते हसणं वरवरचं होतं. शेजारपाजारच्या बायांशी जरा कुठं ओळख व्हायची, विरजणाची देवघेव सुरू व्हायची, की निघायची वेळ यायची. मोताळ्याच्या एका बाईनं तिला लुगड्याच्या चिंध्यांची गोधडी शिवायला शिकवायला घेतली होती. ती अर्धीच राहिली.

काम घाटात पोचलं तेव्हा खोली खालच्या वळणावर उभी केली होती आणि बद्रुद्दीन वरच्या चढावर गिट्टी दाबत होता. रोलरच्या गिअरचे दात झिजले होते. ते त्यानं मुकादम माणिकरावांना सांगितलं होतं, त्यांनी ठेकेदाराला. नवे दात येणार होते, पण अजून यायचेच होते.

दुपारी जमीला खुर्शीदला घेऊन झऱ्यावर पाण्याला गेली होती. बानो खोलीत झोपलेली. एकदम रोलरची शिट्टी वाजू लागली ती थांबेचना. जमीलानं वर पाहिलं. गिअर सुटला होता आणि रोलर उलटा, उतारानं खाली येत होता.

गिट्टी पसरणाऱ्या बाया बाजूला पळाल्या. त्यातली अंबूबाई जीव तोडून ओरडली, "भाऊ, उडी टाका! उडी टाका नं!"

बद्रुद्दीननं उडी टाकली नाही. जमीलानं खुर्शीदला झऱ्याच्या दगडावर बसवलं, "हलू नको" म्हणून दटावलं आणि ती खोलीकडं धावली. बानोला उचललं, पायऱ्या उतरली न उतरली तोच वर मोठा आवाज झाला. धुळीनं काही दिसेना.

बद्रुद्दीननं चाक डोंगराच्या अंगाला वळवून रोलर गिट्टीच्या ढिगात घातला होता. मागची चाकं ढिगात रुतली आणि ते धूड तिथंच थांबलं. वाफ तेवढी फुसफुसत होती.

"जमीला!" धुळीतून हाक आली.

"हाव! आहे मी! पोरी आहेत!"

तो धडपडत खाली आला. दोघंही रस्त्यावरच बसले. जमीलानं त्याच्या कपाळावरचं रक्त पदरानं पुसलं आणि रागावली, "उडी काऊन नाही टाकली?"

"खाली तू होती नं," तो म्हणाला.

मग तिला रडू आलं. अंबूबाईनं खुर्शीदला झऱ्यावरून आणलं, जमीलाला पाणी पाजलं आणि बानोला मांडीवर घेतलं. बानो तोवर पुन्हा झोपली होती.

आता नोकरी जाणार, या धास्तीनं दोघांना जेवण गोड लागेना. दुसऱ्या दिवशी माणिकरावांबरोबर ठेकेदार आला. त्यानं रोलरभोवती चक्कर मारली आणि झिजलेले दात पाहिले.

"माणसं वाचली, लय झालं," तो म्हणाला. "हे दात मीच लवकर आणाले पाह्यजे होते. बद्रू, चिखलीले माह्या गाड्या उभ्या राह्यतात, त्यायची निगा राखाले माणूस पाह्यजे. पुढचं काम तिथूनच जाऊन-येऊन कर. राह्याले खोली आहे."

बद्रुद्दीननं हात जोडले. बोलली ती जमीला.

"त्या खोलीले चाकं तर नाहीत नं, साहेब?"

माणिकराव इतके हसले की त्यांना धोतराच्या सोग्यानं डोळे पुसावे लागले. ठेकेदारही हसला.

चिखलीची खोली विटांची होती, पुढं अंगण होतं. पहिल्याच दिवशी जमीलानं मातीची चूल घातली. आजवर तिनं लोखंडी शेगडीवरच रांधलं होतं, कारण मातीची चूल उचलून नेता येत नाही. शेजारच्या केसरबाईनं चुलीसाठी माती आणून दिली आणि सहज विचारलं, "किती दिवसासाठी आलात बाई?"

जमीलाचे हात चिखलातच थांबले. आजवर या प्रश्नाचं उत्तर ती बोटांवर मोजून द्यायची.

"राह्याले आलो," ती म्हणाली, आणि मग स्वतःलाच ऐकवल्यासारखं पुन्हा म्हणाली, "इथंच राह्याले आलो."

खुर्शीदचं नाव शाळेत घातलं. पुढं देऊळगावराजाकडचं काम निघालं, तेव्हा बद्रुद्दीन सकाळी भाकरी बांधून जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. जमीला तोवर केसरबाईच्या ओट्यावर गोधडी शिवत बसलेली असायची.