राक्षसाने रोट खाल्ला

अर्धा रस्ता पायाखालून गेला तरी निर्मलाबाईंनी पिशवी रंजिताच्या हाती दिली नव्हती. कोरीटहून निघालेली रिक्षा मध्येच पंक्चर झाली आणि दोघी नंदुरबारच्या वाटेला पायीच लागल्या. पिशवीत पुस्तकाची बत्तीस पानं होती. चित्रं निर्मलाबाईंची, संवादांच्या फुग्यांतली अक्षरं रंजिताची.

निर्मलाबाई गावच्या शाळेत खिचडी शिजवतात. वय साठीला टेकलेलं. भात होईपर्यंत पोरं गप्प बसावीत म्हणून त्या जुन्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर राक्षस काढायच्या. सातपुड्यातून उतरलेला हा राक्षस अख्खी पपईची बाग एका घासात संपवायचा, ट्रॅक्टर चघळायचा आणि लाटणं दिसलं की झाडावर चढायचा. रंजिता त्याच शाळेत शिकवते. तिनेच पुस्तकाचं मनावर घेतलं. आज पानं छापखान्यात पोचली तरच ते श्रावणाआधी पोरांच्या हाती पडणार होतं.

शेवटच्या पानावर राक्षसाला मारायचं ठरलं होतं. पण सव्विसाव्या पानावर निर्मलाबाईंना त्याची दया आली, आणि त्यांनी उपाशी राक्षसाला कानबाईपुढे बसवून तिचा रोट खाऊ घातला. श्रावणात घरी बसवतात त्या या देवीचा रोट भावकीतल्या एकेकाचं नाव घेत गव्हाचे दाणे मोजून करतात; तो घरच्या भाऊबंदांनीच खायचा असतो, बाहेरच्याला घासभरही द्यायचा नसतो. चित्र शाईने काढून झालं, पोरांनी वाचून टाळ्याही वाजवल्या, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की राक्षस भावकीत आला. शेवटचं पान तेव्हापासून कोरंच होतं.

"आता त्याले मारा तं सुतक," निर्मलाबाई म्हणाल्या. "धा दिवस. मंग कानबाई कशी बसाडू?"

"बाई, ते चित्र आहे."

"कानबाई बी चित्रमाच शे. तरी तू तिले हात जोडीसन पान उलटाडं. मी दखं."

जोडले होते रंजिताने हात.

तेवढ्यात पिशवीत फोन वाजला. नाव पाहताच निर्मलाबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि फोन रंजिताकडे दिला. मोठे दीर, चुडामणअण्णा. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, पण त्या अण्णांशी थेट बोललेल्या नाहीत. अण्णा नाही म्हणाले तर पुस्तक ट्रंकेत जाणार हे दोघींना ठाऊक होतं, म्हणून सकाळीच पानांची झेरॉक्स त्यांच्या खाटेवर ठेवून त्या निघाल्या होत्या.

रंजिताने स्पीकर लावला.

"मॅडम, तिले सांगा, रोट खादा म्हंजे तो भाऊबंद व्हयना. मारानं नई."

"बाई, मारायचं नाही म्हणतात." निर्मलाबाई हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी मान डोलावली.

"आनि ती मिशी कोनी शे?"

निर्मलाबाईंनी तोंडात पदर कोंबला. राक्षसाची मिशी एका बाजूने वर, एका बाजूने खाली होती. कोरीटमध्ये तशी मिशी एकच.

"राक्षसाचीच आहे, अण्णा," रंजिता म्हणाली आणि मनातल्या मनात देवाची माफी मागितली.

पलीकडे बराच वेळ कागद सळसळले.

"छापा. पन रोटना दाना मोजताना त्यानं नाव घेनं पडी, तठे आमनं आडनाव लावानं नई. एवढा खानारा आम्हले झेपाव नई." फोन बंद झाला.

निर्मलाबाईंनी पदर खाली घेतला. रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसून त्यांनी शेवटचं पान मांडीवर घेतलं आणि पेन काढलं. पानभर कानबाई, पुढ्यात दाणे मोजणारी माणसं, आणि रांगेच्या शेवटी ताट घेऊन बसलेला राक्षस. दाणे मोजताना नाव घेणाऱ्याच्या तोंडचा फुगा त्यांनी रिकामा सोडला, पान रंजिताकडे सरकवलं आणि डोळे बारीक केले.

"पोरी, तुन्हा माहेरले बी कानबाई बसस ना? मंग तठलं आडनाव लाव त्याले."