सातव्या पानावरचं टिंब

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चहा अर्धा टाकून उठणारी मी... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. तरी लिहिणारच.

मी कण-भौतिकीत पीएचडी करते. टॉप क्वार्क नावाचे कण टकरींतून जोडीने जन्मतात आणि क्षणात मोडतात. दोघांची फिरकी, म्हणजे स्पिन, एकमेकांशी किती जुळलेली होती, हे त्यांच्यातून उडालेल्या कणांच्या कोनांवरून मोजायचं — हे माझं काम. आमच्यात शिस्त अशी, की आधी कॉम्प्युटरवर बनवलेल्या टकरींवर पद्धत पारखायची. खरा डेटा तोवर झाकलेला. एकदा उघडला की पद्धतीत बदल नाही. माझं उत्तर मात्र दीड महिना अपेक्षेच्या उलटंच येत होतं. सोमवारी शेवटची मीटिंग. तोवर चूक सापडली नाही तर विषय दुसऱ्या कुणाकडे जाणार होता.

त्या आठवड्यात मी घरी, डोणगावला होते. बुधवारी दुपारी कोडची अकरा पानं स्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट करून आणली, बाबांच्या टेबलावर ठेवली आणि जेवायला बसले. बाबा गणिताचे मास्तर. जाऊन दोन वर्षं झाली. ते चूक कधी सांगत नसत. चुकलेल्या ओळीसमोर पेन्सिलने फक्त एक टिंब द्यायचे, पुढचं आपण शोधायचं. लहानपणी मला त्या टिंबाचा भयंकर राग यायचा.

जेवून आले, तर सातव्या पानावर टिंब.

आई माझ्यासमोरच जेवत होती, तरी तिला विचारलं.

"मी काऊन हात लावू? मले काय समजते त्यातलं?"

घरात तिसरं कुणी नाही. शाईचा डाग असेल म्हणून खोडरबर फिरवला — अर्धं पुसलं गेलं, म्हणजे पेन्सिलचंच. मग ती ओळ वाचली. जोडीतल्या दुसऱ्या क्वार्कसाठी अक्ष उलटा धरायचा असतो. मी वजा चिन्ह विसरले होते. ते दिलं आणि उत्तर जागेवर आलं.

मी हट्टाला पेटले. दुरुस्त केलेली पानं त्याच टेबलावर, शेजारी पेन्सिल, दाराला कुलूप. चार दुपारी. काहीच नाही. रविवारी आईला म्हटलं, बघ, योगायोगच होता. आवाज मात्र रडवेला झाला होता.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरोबर गणितावर ते काई लिहत नव्हते ना, बाई."

सोमवारी मीटिंगमध्ये मी गाइडकडे डेटा उघडायची परवानगी मागितली. चूक कशी सापडली, असं त्यांनी विचारलं. "पुन्हा तपासलं," मी म्हणाले. कुणी तपासलं, ते मला आजही सांगता येत नाही.